उठावन्याचा नकाशा

संहिताने बटण दाबलं आणि म्होरक्याचा ठिपका पडद्यावरून गेला. त्याला बांधलेल्या रेघा जरा वेळ मोकळ्या लोंबल्या, मग एकेक करत शेजारच्या ठिपक्यांना जाऊन चिकटल्या. बघता बघता जाळं होतं तसं झालं.

"बघा. म्होरक्याला उचललात तरी टोळी उभीच. भाचा नाहीतर मुनीम, कुणीतरी त्याच्या गादीवर बसतं आणि धंदा चालू राहतो."

इन्स्पेक्टर पंढरीनाथ जगतापांनी कचोरीचा घास घाईने गिळला. "मतलब, मॅडमजी, दोन वर्षं ज्याच्या मागे आम्ही जोडे झिजवतोय, तो फालतूच आहे?"

"फालतू नाही. पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही."

"हे तर आमच्या डिपार्टमेंटसारखंच झालं," जगताप म्हणाले आणि स्वतःच हसले.

संहिता हसली नाही. हसायला हवं होतं हे तिच्या लक्षात आलं, पण तोवर वेळ गेलेली होती. हल्ली तिचं असंच व्हायचं. तिचा नवरा, भूषण, अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, त्याला आठ महिने झाले होते. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तशी ती आठ महिने सगळीच्या सगळी होती. बोट लावलं तर कळायचं, दुखायचं मात्र नाही. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. कसला धीर आणि कसलं काय!

काम असं होतं. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ट्रकांमधून नशेची पावडर इंदूरमार्गे पुढे जात होती. गोवर्धन त्याचं नाव. पोलिसांना तो ठाऊक होता, त्याची माणसंही बरीचशी ठाऊक होती. अडचण एवढीच की ही मंडळी कधी एका जागी सापडत नसत. एकाला धरलं की बाकीचे घटकेत पसार आणि गोदामं झाडूनपुसून स्वच्छ. शेवटी पोलिसांनी त्या सगळ्यांच्या फोनच्या नोंदी संहिताच्या कॉलेजकडे दिल्या. नावं नाहीत, पत्ते नाहीत. एक नंबर म्हणजे एक ठिपका, एक फोन म्हणजे एक रेघ. त्या नोंदींवरून तिने कंप्युटरमध्ये एक खोटी टोळी उभी केली होती. खऱ्या टोळीवर प्रयोग करता येत नाहीत. या खोट्या टोळीतला मात्र हवा तो माणूस काढावा, उरलेले काय करतात ते पाहावं, आणि पुन्हा सगळं होतं तसं मांडून दुसरा काढावा.

"मग अडतं कुणावाचून?" जगतापांनी विचारलं.

तिने एक्केचाळीस नंबरचा ठिपका काढला. या खेपेला रेघा कुठेच चिकटल्या नाहीत. जाळं मधोमध फाटलं आणि फाटकंच राहिलं.

जगताप उठून पडद्याजवळ आले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी तो नंबर स्वतःच्या माहितीशी ताडून पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"बाई आहे! महूला राहते. आम्ही तर हिला मोजलंच नव्हतं." त्यांनी मांडीवर थाप मारली. "डोकं कुठे लपवून ठेवलं होतं बघा साल्यांनी. उद्या सकाळीच उचलतो. दोन दिवस बसवून ठेवली की पोपटासारखी बोलेल."

"रिपोर्टवर माझी सही व्हायचीय अजून."

"करा ना आरामात. सही काय, मागून आली तरी चालेल."

ते गेल्यावर संहिताने एक्केचाळीस नंबरचे मूळ फोन उघडले. संशय आला म्हणून नाही. सही करण्याआधी कच्चा माल एकदा डोळ्यांखालून घालायचा, ही तिची जुनी सवय होती. वर्षभर या नंबरावर फोन जवळजवळ नव्हतेच. मग अचानक तीन दिवस सगळ्या टोळीचे फोन. सगळे येणारे, सगळे अर्ध्या मिनिटाच्या आतले. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता सगळे नंबर एकाच टॉवरखाली जमलेले, आणि तासभर एकाचाही फोन कुणाला नाही. पाचनंतर पांगापांग. आणि त्यानंतर एक्केचाळीसला कुणाचाच फोन नाही.

तिचा हात माऊसवर तसाच राहिला. हे चित्र तिने आधी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, ती त्याच्या आत बसलेली होती.

ती मूळची सांगलीची. उठावना हा शब्द लग्न करून इंदूरला येईपर्यंत तिने ऐकलाही नव्हता. भूषण गेला त्या दिवशी दुपारपासून घरातला फोन वाजायला लागला. सासरे, दौलतराव, भिंतीकडे बघत बसले होते, म्हणून फोन तीच घेत होती. प्रत्येकाचं बोलणं तेवढंच. ऐकलं, फार वाईट झालं, उठावना केव्हा आहे? तिने फोनवर हात ठेवून दौलतरावांना विचारलं होतं, "बाबा, उठावना म्हणजे काय?" तेव्हा त्या माणसाने, पोटचा पोरगा गेलेला असताना, तिला नीट समजावून सांगितलं होतं. "आपल्याकडे इंदूरला असतं बेटा. तिसऱ्या दिवशी सगळे येतात. तासभर बसतात, मग उठतात. बोलायचं काही नसतं. पेपरात द्यावं लागतं, फोटोसकट."

मग धर्मशाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पाच वाजता सगळे एकदम उठले, फोटोला फुलं वाहिली, हात जोडले आणि गेले. आणि तेराव्यानंतर फोन असा गप्प झाला की लाइन कापली आहे का, म्हणून तिने एकदा स्वतःच मोबाइलवरून लावून पाहिला होता.

अनेकांनी एकाच नंबराला आखूड फोन करावेत आणि मागोमाग सगळ्यांनी एका जागी जमावं, तर तो नंबर हुकूम सोडणाऱ्याचा समजावा, हा नियम प्रोग्राममध्ये तिनेच घातला होता. कधी? भूषणचे दिवस झाल्यावर ती कामावर परतली, त्याच आठवड्यात. तिला या गोष्टीचं काहीतरी वाटायला हवं होतं. तिला एवढंच वाटलं की नियम चुकलाय आणि दुरुस्त करावा लागेल.

रात्रभर नोंदी पुन्हा तपासून दुसऱ्या दिवशी उजाडताच, चहा घेण्याआधी, तिने जगतापांना फोन लावला.

"साहेब, थांबा. त्या बाईला आणू नका. ती हुकूम देत नव्हती. तिच्या घरी कुणीतरी गेलं होतं. ते सांत्वनाचे फोन आहेत."

"हे कंप्युटर सांगतोय?"

"नाही, मी सांगते. आमच्याकडेही अगदी असेच फोन आले होते. माझे मिस्टर गेले तेव्हा."

"मला माहीत नव्हतं, मॅडम," जगताप म्हणाले. त्यात नेहमीचा 'जी' नव्हता, मस्करीही नव्हती. "चेक करतो."

दुपारी ते स्वतःच कॉलेजात आले. त्या दिवशी बरोबर खायला काही नव्हतं.

"तिचा नवरा वारला होता. गोवर्धनच्याच ट्रकवर ड्रायव्हर. गाडी पुलावरून खाली गेली." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "एका विधवेला बसवून ठेवलं असतं हो मी. पाप लागलं असतं. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, तेव्हापासून घरात एक सांगणं आहे, मरणाच्या दारी कुणाला हात लावायचा नाही. तुम्ही वाचवलं."

"चूक माझीच होती."

"जाऊ द्या." ते उठायला लागले आणि अर्धे उठल्यावर थांबले. पडद्यावर ते तीन दिवस अजून उघडेच होते. "एक मिनिट. मतलब त्या दिवशी हे सगळे उठावन्याला गेले होते?"

"हो."

"गोवर्धन पण?"

तिने पाहिलं. "तोही. सगळे ठिपके."

"एका हॉलमध्ये? एक तास?"

"फोन बंद करून."

जगताप मट्कन खाली बसले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही दोन वर्षं यांना एका जागी बघायला तडफडतोय, आणि हे पेपरात टाइम छापून बसले होते, पत्त्यासकट! ड्रायव्हर गेला तर मालक येणारच. नाही आला तर लोक तोंडात शेण घालतील." ते पुढे झुकले. "मॅडमजी, असं करता येईल का? तुमच्या त्या खोट्या टोळीत कुणाला तरी मारा."

"मारा?"

"मतलब म्हातारंबितारं कुणी. त्यांच्या घरचं. आणि बघा, येतात का सगळे."

या कामाला तिने नाही म्हणायला हवं होतं का, हा प्रश्न तिला पुढे पडला. त्या वेळी पडला नाही. त्या वेळी तिला ते एक चांगलं कोडं वाटलं. दोन-तीन दिवस बसून तिने प्रोग्राममध्ये नवा नियम घातला. कुणाच्याही घरी मरण झालं तर बाकीच्यांनी तिसऱ्या दिवशी तिथे जायचं. न जाणाऱ्याची पत जाते, म्हणून भीती असली तरी जायचंच. मग तिने एक म्हातारा ठिपका विझवला. सगळे आले. त्या जमलेल्या सगळ्यांना एकदम पुसलं आणि प्रोग्राम पुढे चालू ठेवला. पडदा रिकामाच राहिला. तिने वेगवेगळी माणसं मारून पाहिली, आकडे बदलून पाहिले. दर वेळी तेच. म्होरक्या काढा, मुनीम काढा, कुणी काढा, टोळी भरून यायची. उठावन्यातून मात्र ती एकदाही उठली नाही.

आणि संहिताला आनंद झाला. चक्क आनंद, पोटातून आलेला, उत्तर बरोबर आलं की शाळेत व्हायचा तसा. तिने जगतापांना फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आठ महिन्यांत आपल्याला पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि झालं ते हे. तिला स्वतःचीच किळस आली. पण तीही फार टिकली नाही.

घरी दौलतराव वरण-भात घेऊन जेवत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मिलच्या हिशेबखात्यातून निवृत्त. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मुलाचं हृदय गेलं तसंच वडिलांचंही नाजूक आहे, दगदग नको. पण एका बाबतीत ते ऐकत नसत. रोज सकाळी पेपर आला की आधी उठावन्याचं पान. भूषणच्या वेळी जे जे आले होते, त्यांच्या घरी कुणी गेलं की पांढरा कुर्ता घालून निघायचं. पाऊस असो, ऊन असो. ऑटोवाल्यांशीही त्यांची आता ओळख झाली होती.

"बाबा," तिने ताटात भात वाढताना विचारलं, "उठावन्यात कधी भांडण झालेलं बघितलंय तुम्ही?"

"छे! भांडण कसं होईल? अरे, कोर्टात केस चालू असलेले भाऊ शेजारी शेजारी बसतात. तो एक तास कुणी कुणाचं काही नसतं."

"आणि पोलीस आले तर?"

"येतात ना! भूषणच्या वेळी आले नव्हते का, आपल्या लेनमधले ते चौकीवरचे दीवानजी? त्यांच्या घरी काय मरण नसतं?" त्यांनी लिंबू पिळलं. "थोडं तूप दे बेटा."

तिने तूप वाढलं.

गोवर्धनची म्हातारी आई दवाखान्यात होती, हे जगतापांना ठाऊक होतं. त्यांना मुद्दाम काही करायचं नव्हतं, फक्त थांबायचं होतं. महिनाभराने एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मॅडमजी, म्हातारी गेली. परवा चार वाजता उठावना, खजरान्याकडच्या धर्मशाळेत. इकडे आम्ही गेटवर, आणि त्याच वेळी सगळ्या गोदामांवर टीम. आत असेल तो प्रत्येक जण आधी ताब्यात, फोन जप्त. मग सोडायचे ते सोडू चौकशी करून."

"आणि बायका?"

"बायकांना हात नाही लावणार. शब्द आहे आपला."

"ती महूची बाई असेल तिथे. तिच्याकडे ते आले होते, म्हणजे ती जाणार."

"असेल. काय करणार?"

संहिता खिडकीशी उभी होती. खाली मुलं सेव-परमल खात बसली होती. "साहेब, तुमच्या घरचं ते सांगणं होतं ना. मरणाच्या दारी हात लावायचा नाही."

"होतं," जगताप म्हणाले. "पण या पावडरने मेलेल्या पोरांच्या उठावन्यांनाही मी गेलोय, मॅडम. आईबाप बघितलेत."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही म्हणतात, काळ सोकावतो. उद्या कुठल्याही उठावन्याला जाताना लोक दारातून आधी आत वाकून बघतील."

"हे तुमच्या मॉडेलमध्ये टाकलं होतं का?" त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

टाकलं नव्हतं.

"आता एकच विनंती. कुणाला एक शब्द नको. एक माणूस फुटला की सगळं पाण्यात."

ती बरं म्हणाली. तिच्याकडे सांगण्यासारखं माणूस तरी कोण होतं?

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दौलतरावांनी चष्मा लावून पेपर उघडला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. डोक्यावर पदर घेतलेली, गोल चेहऱ्याची म्हातारी.

"अरेरे. यांच्याकडे जायला हवं आज."

संहिताच्या हातातला कप बशीवर वाजला. "तुम्ही ओळखता यांना?"

"मी नाही, भूषण ओळखायचा. यांच्या ट्रकांचा विमा त्याच्याकडे होता ना. मुलगा आला होता त्या वेळी, गोवर्धनजी. एवढा मोठा माणूस, पण मागच्या रांगेत बसला. जाताना माझ्या पायाला हात लावून गेला." त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला. "चार वाजता आहे. तीनला निघतो."

आता आली का पंचाईत! सांगावं तर जगतापांना दिलेला शब्द मोडला. आणि दौलतरावांच्या पोटात गोष्ट राहायची नाही. ते सरळ गोवर्धनला फोन करून सांगतील, की बाबा रे, आईचं नीट होऊ दे, आज पोलीस येणार आहेत. यात काही गैर आहे असं त्यांना वाटणारसुद्धा नाही. आणि न सांगावं तर हा माणूस, हे असलं हृदय घेऊन, त्या हॉलमध्ये पोलिसांच्या गराड्यात सापडणार. फोन जप्त, चौकशी, कुठल्या तरी चौकीतल्या बाकावर रात्र. घरात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक तिने स्वतःच्या हाताने काढून द्यायचं?

सकाळभर तिने जमेल ते करून पाहिलं. ऊन फार आहे, म्हणाली. "टोपी घालतो," ते म्हणाले. आज खजरान्याला गणपतीची गर्दी असेल, रस्ता तुंबेल. "लवकर निघतो." तुमची फारशी ओळख तरी कुठे आहे. त्यावर ते जरा रागावलेच. "ओळख नसताना तो आला होता, त्याचं काय?"

तीन वाजता ते पांढरा कुर्ता घालून दाराशी खुर्चीत बसले आणि बूट घालू लागले. एक बूट झाला. दुसऱ्यात पाय घालताना ते नेहमीसारखे क्षणभर थांबले, दम खायला.

"बाबा, जाऊ नका," संहिता म्हणाली. "मला बरं वाटत नाहीये."

"काय होतंय?"

डोकं दुखतंय म्हणाली असती तर गोळी देऊन ते गेले असते. ताप म्हणाली असती तर शेजारच्या वसुधाताईंना बसवून गेले असते. त्यांना थांबवणारा एकच शब्द होता आणि तो तिला माहीत होता.

"छातीत," ती म्हणाली. "दुखतंय."

दौलतरावांच्या हातातून बूट सुटला. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, ओठ पांढरे पडले. ते एका बुटावर लंगडत तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले. "डाव्या बाजूला? हाताकडे जातंय का? घाम आलाय का? चल, दवाखान्यात चल, अँब्युलन्सला फोन करतो."

"नको, नको. एवढं नाही. ॲसिडिटी असेल. तुम्ही फक्त बसा माझ्याजवळ."

"त्यानेही ॲसिडिटीच म्हटलं होतं!" ते ओरडले. या घरात नऊ महिन्यांत कुणी ओरडलं नव्हतं.

तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. फार मोठं पाप आपण केलंय, एवढं तिला स्वच्छ कळलं. त्यांच्या हृदयाला जपायचं म्हणून तिने त्यांच्या हृदयावरच घाव घातला होता. पण ते गेले नव्हते. घरात होते.

त्यांनी तिला पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली. ओवा आणून हातावर ठेवला, कोमट पाणी आणलं. पुन्हा पुन्हा नाडी बघितली. ती त्यांना बघता येत नव्हती तरी बघितली. मग खुर्ची ओढून तिच्या पायाशी बसून राहिले, पांढऱ्या कुर्त्यात, एका पायात बूट, एक पाय उघडा. घड्याळात चार वाजले. संहिताने डोळे मिटून घेतले. आत्ता चादरीवर सगळे बसले असतील. ती महूची बाई, जिचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, बायकांच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसली असेल.

"आता कसं आहे?" मध्येच दौलतराव विचारायचे.

"बरंय."

"खरं सांग."

"खरंच बरंय, बाबा."

सव्वापाचच्या सुमाराला त्यांची जरा खात्री पटली. त्यांनी उरलेला बूट काढला, कोपऱ्यात जोडीने ठेवला आणि खिशातून मोबाइल काढला. डायरीतून शोधून एकेक आकडा दाबू लागले.

"कुणाला करताय?" ती ताठ उठून बसली.

"गोवर्धनजींना. गेलो नाही, निदान फोन तरी करायला हवा. वाईट दिसतं."

"उद्या करा ना."

"उद्या कशाला? आता झालं असेल सगळं आटपून." तिने हात पुढे करेपर्यंत त्यांनी बटण दाबलंही होतं. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असे. रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. मागे खूप माणसांचा गलका होता आणि कुणी बाई मोठ्याने काही बोलत होती.

"गोवर्धनजी? मैं दौलतराव बोल रहा हूँ. माताजी का सुना, बहुत दुख हुआ."

"आप कौन? कहाँ से बोल रहे हैं?"

संहिताने आवाज ओळखला. कचोरी खाताना हसणारा तो आवाज होता, आता कोरडा.

"दौलतराव, जी. इंदौर से ही. आप पहचानेंगे नहीं," दौलतराव म्हणाले, आणि मराठी माणूस हिंदी बोलताना अडखळतो तसे जरा अडखळले.

पलीकडचा आवाज मराठीवर आला. "काका, मराठी आहात का?"

"अरे वा!" दौलतरावांचा चेहरा उजळला. इंदुरात अनोळखी फोनवर मराठी ऐकू आली की त्यांचं असं व्हायचंच; मग ते कुळापासून सुरुवात करत. "हो हो! आमचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. तुम्ही घरचेच का?"

"घरचाच समजा. या लोकांना तुम्ही कसे ओळखता, काका?"

"तसा घरोबा नाही हो. आमचा मुलगा वारला, आठ-नऊ महिने झाले. त्याच्या उठावन्याला गोवर्धनजी आले होते. म्हणून मी येणारच होतो आज. बूट घालत होतो, तेवढ्यात सुनेनं अडवलं."

"अडवलं?"

"जाऊच दिलं नाही. सकाळपासून नको नको म्हणत होती, आणि निघायच्या वेळी तब्येतच बिघडली तिची. आता बरी आहे."

संहिताने पलंगाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"सकाळपासून नको म्हणत होत्या," आवाज सावकाश म्हणाला. "काय करतात आपल्या सूनबाई?"

"प्रोफेसर आहे. कंप्युटरची!" दौलतराव तिच्याकडे बघून हसले. इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडावर अभिमान दिसला. मग ते ऐकत राहिले, मान हलवली आणि फोनवर तळहात ठेवून तिच्याकडे वाकले.

"मराठी निघाला, चांगला माणूस आहे," ते कुजबुजले. "तुझं नाव विचारतोय. सांगू ना?"